न फिरणारी माणसं

आज सकाळी कॉलेजला जाताना रिक्षा उसाच्या ट्रॉलीमागं अडकली. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, दोन्ही वरपर्यंत रचलेल्या, आणि ट्रॅक्टरवर लावलेली गाणी एवढी मोठी की मागच्या सगळ्यांना ऐकावीच लागावीत. कुणीही हॉर्न वाजवत नव्हतं. हंगामात वाजवून उपयोग नसतो, हे इथं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. "बसा निवांत म्याडम," रिक्षावाला म्हणाला, "कारखान्याच्या वळणापत्तोर हेच हाय आता." रस्त्यावर पडलेली कांडी चाकाखाली चिरडून त्यांचा गोडसर, जरा आंबूस वास सुटला होता. लांब कुठंतरी पाचट पेटवलेलं असणार, त्याचा धूर धुक्यात मिसळला होता.

हा वास आला की मला एकच थंडी आठवते. त्याआधीचे आणि नंतरचेही बरेच हंगाम मी पाहिले, पण ते सगळे एकमेकांत मिसळून गेलेत. तो एक मात्र वेगळा राहिलाय. त्या हंगामात मी पहिली नोकरी धरली आणि त्याच हंगामात सोडली. राग सांभाळून ठेवायचा असतो, हेही तेव्हाच शिकले.

आमचं घर शिवाजी पेठेत. आडनाव शिकलगार आणि धंदाही तोच, विळे-कोयत्यांना धार लावायचा. ऊसतोड सुरू झाली की अब्बांचं चाक सकाळी उजाडल्यापासून फिरायला लागतं, आणि त्याचा किर्रर्र आवाज भिंतीतून थेट आमच्या स्वयंपाकघरात येतो. त्या आवाजात मी भूगोलाची एम.एस्सी. केली. पेठेत कुणी विचारलं, "नसीम काय करतीया?" तर अब्बा सांगायचे, "नकाशे काढती." त्यात अभिमान किती आणि काळजी किती, हे मला कधी नीट कळलं नाही.

निकाल लागला आणि कोल्हापुरातल्याच एका लहानशा संस्थेत मला काम मिळालं. पाहण्या करायच्या, आकडे गोळा करायचे, अहवाल लिहायचे. पहिलंच काम आलं ते एका विश्वस्त मंडळाचं. त्यांना जिल्ह्यात बायकांसाठी एक नवा दवाखाना काढायचा होता, बाळंतपणाची सोय असलेला. जागा दोन होत्या. एक हातकणंगल्याच्या बाजूला, सपाटीवर, मोठ्या रस्त्याला लागून. दुसरी पश्चिमेला, जोतिबाच्या डोंगराच्याही पुष्कळ पलीकडं, जिथं तांबडी माती सुरू होते आणि रस्ता वळणं घेत वर चढतो. तिथल्या गावाला सगळे नुसतं 'वरची वाडी' म्हणतात. कुठल्या जागी बायका जास्त येतील, एवढंच आम्ही सांगायचं होतं.

एवढंच. मला तेव्हा ते खरंच एवढंच वाटलं होतं.

भूगोलात यासाठी एक जुनं आणि देखणं मॉडेल आहे. गाव जितकं मोठं तितकी त्याची ओढ जास्त, आणि अंतर जितकं जास्त तितकी ती ओढ कमी. ग्रहताऱ्यांचं गणित उचलून माणसांना लावलेलं. शिकताना मी त्याच्या प्रेमातच पडले होते. माणसांची ये-जा, बाजार, लग्नं, दवाखाने, सगळं एका ओळीच्या सूत्रात बसतं, याचा केवढा आनंद झाला होता! वर्गात बसून खिडकीबाहेर बघावं आणि रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाच्या पाठीला एक अदृश्य दोरी बांधलेली दिसावी, असे ते दिवस होते.

वरच्या वाडीला मी पहिल्यांदा गेले तेव्हा उसाला तुरे आले होते. खालच्या खोऱ्यात सगळीकडं ते करडे-पांढरे तुरे हलत होते, आणि वर चढू लागलो तसा ऊस संपून नाचणीची कापलेली शेतं लागली. वाडीत पहिल्याच घराच्या अंगणात एक बाई शेंगा वाळत घालत होती. पन्नाशीच्या अलीकडची, उंच, आवाज असा की गप्पा मारल्या तरी भांडण वाटावं. ही सुलाबाई.

"या पावणं," ती म्हणाली. "कशाला आलाय? मतं मागायला?"

"न्हाय मावशी, दवाखान्याचं इचारायला."

"कुठला दवाखाना?"

"तेच विचारायचंय. तुम्ही कुठल्या दवाखान्यात जाता?"

सुलाबाई हसली. शेंगांवरचा हात झटकून तिनं समोरचा डोंगर दाखवला, मग उजवीकडचा, मग डावीकडचा. "बघ की. ह्यातला कुठला दिसतोय तुला? दिसला तर मलाबी सांग."

मग तिनं चहा केला आणि घरातलं सांगितलं. तिची सून स्वाती आत बसून तांदूळ निवडत होती, पाच महिन्यांची गरोदर. आदल्या हंगामात तिचं पहिलं बाळंतपण होतं. कळा सुरू झाल्यावर जीप मिळाली, पण खाली घाटात उसाची ट्रॉली उलटली होती आणि दोन्हीकडून वाट बंद. बाळ जीपमध्येच झालं. रडलं नाही. सुलाबाईनं हे सगळं एका दमात सांगितलं, आणि मध्येच उठून चुलीतलं लाकूड पुढं सरकवलं. स्वातीनं निवडायचं थांबवलं नाही. फक्त तिचा हात एकाच जागी फिरत राहिला.

"यंदा मी ठरवलंय," सुलाबाई म्हणाली. "सातवा सरला की हिला कोल्हापुरात न्हिऊन ठेवायची. माझ्या चुलतभावाकडं. दोन महिने राहील, पण जीव तर ऱ्हाईल."

वाडीत आणि आसपासच्या वस्त्यांवर मी आठवडाभर फिरले. ज्यांना जमत होतं ते असंच करत होते, बाईला आधीच खाली नेऊन ठेवायचं. ज्यांना जमत नव्हतं त्यांच्याकडं म्हातारी सुईण होती, किंवा नशीब. मी सगळं लिहून घेतलं. उतरताना दुधाच्या टेम्पोतून आले. टेम्पो रोज पहाटे वर येतो, वस्तीवस्तीवरचे कॅन उचलतो आणि कोल्हापूरला पोचवतो. कॅनना धरून बसले असताना माझ्या मनात आलं, इथलं दूध रोज शहराला जातं, कारण त्याला न्यायला गाडी येते.

ऑफिसात आकडे संगणकात गेले आणि नकाशा बाहेर आला. प्रत्येक गावासाठी मॉडेल एक आकडा काढतं, अंतर वाढलं की तिथली माणसं जायचं किती भरभर सोडून देतात त्याचा. आकडा मोठा असेल तर गाव लाल, लहान असेल तर हिरवं. पूर्वेची सगळी सपाटी हिरवीगार आली. पश्चिमेचा सगळा डोंगर लालभडक.

आमच्या साहेबांनी नकाशा पाहिला आणि मान डोलावली. तसे ते चांगले गृहस्थ होते, मृदू बोलणारे, सहकाऱ्यांना चहा स्वतः ओतून देणारे. त्यांनीच अहवालातलं ते वाक्य सांगितलं आणि मी ते टाइप केलं: 'डोंगराळ भागातील लोकांची प्रवास करण्याची तयारी कमी आहे.' म्हणजे तिथं दवाखाना काढला तरी लांबच्या वस्त्यांवरच्या बायका यायच्या नाहीत. सपाटीवर काढला तर लांबलांबून येतील.

वाक्य टाइप केलं आणि मी त्याच्याकडं बघत बसले. तयारी कमी. स्वातीचा तांदळात फिरणारा हात डोळ्यांपुढून जाईना. दोन महिने परक्या घरात जाऊन राहायला निघालेल्या पोरीची प्रवासाची तयारी कमी?

मग मी तिच्यासारख्या बायकांच्या नोंदी शोधल्या. ज्या आधीच खाली जाऊन राहिल्या होत्या, त्यांचा दवाखान्यातला पत्ता होता कोल्हापूर. संगणकाच्या लेखी त्या कोल्हापुरातून कोल्हापुरातच गेल्या होत्या. सगळ्यात लांबचा प्रवास ज्यांनी केला, त्यांचा प्रवासच मोजला गेला नव्हता.

ती चूक दुरुस्त केली. लाल रंग थोडा उतरला, पण गेला नाही. मी परत नकाशा बघितला. त्यात आणखी काहीतरी खटकत होतं, आणि ते काय हे लक्षात आलं तेव्हा मी खुर्चीत ताठ झाले. रंग फार नीटनेटका होता. पश्चिमेला मोठी गावं होती, लहान होती, शेतीवाली होती, दूधवाली होती, मुंबईला माणसं पाठवणारी होती. सगळी लाल. पूर्वेलाही तितकीच तऱ्हेतऱ्हेची गावं, सगळी हिरवी. जिल्ह्याच्या कडेला गेलं की माणसाचा स्वभाव बदलतो की काय? मातीचा रंग बदलावा तसा?

स्वभाव बदलत नव्हता. बदलत होती मांडणी.

आज वर्गात हे शिकवताना मी गुजरीचं उदाहरण देते. कोल्हापूरचा माणूस सोनं घ्यायला निघतो तेव्हा दुकान ठरवून निघत नाही. 'गुजरीत जाऊन येऊ' म्हणतो. आधी गल्ली, मग दुकान. आता त्या गल्लीतलं एक दुकान उचला आणि तेवढ्याच अंतरावर एका मोकळ्या माळावर नेऊन ठेवा. तेवढंच मोठं, तोच माल, तोच सराफ. किती गिऱ्हाईक जाईल? मुलं हसतात. मग मी विचारते, दुकान तेच, अंतर तेच, मग बदललं काय? कुणीतरी मागच्या बाकावरून म्हणतं, "शेजार बदलला की, म्याडम." तेच. जुन्या सूत्राला प्रत्येक जागा एकटी दिसते, जणू आभाळात लटकलेली. तिच्या शेजारी कोण आहे, ती घोळक्यात आहे की एकाकी, हे त्याला दिसत नाही. आणि जे दिसत नाही त्याचं खापर ते माणसांवर फोडतं.

सपाटीवर शहरांना शहरं चिकटलेली. हातकणंगल्याच्या बाईला चारी दिशांना दवाखाने. ती एक ओलांडून दुसऱ्यात जाते, दुसरा आवडला नाही तर तिसऱ्यात. तिनं जवळचा टाळून लांबचा धरला की मॉडेल म्हणतं, बघा, हिला अंतराचं काही वाटत नाही. डोंगरातल्या बाईला जायचं तर दवाखान्यांचा एकच घोळका, तोही घाटाखाली लांब. ती गेली नाही की मॉडेल म्हणतं, हिला फिरायची नावड. एकीपुढं ताट वाढून ठेवायचं, दुसरीला उपाशी ठेवायचं, आणि मग लिहायचं की दुसरीला भूक कमी आहे.

मी गणित नव्यानं मांडलं. प्रत्येक दवाखान्यापुढं तो इतर दवाखान्यांच्या किती निकट आहे, हेही घातलं. ही काही माझी अक्कल नव्हे, असं करायची रीत भूगोलात आहेच, मी ती परीक्षेपुरती पाठ केली होती. संगणकानं नवा नकाशा काढला आणि डोंगरावरचा लाल रंग उतरला. पूर्वेचा हिरवाही फिका झाला. दोन्हीकडची माणसं जवळजवळ सारखीच निघाली. म्हणजे वरच्या वाडीत दवाखाना झाला तर, आसपास दुसरा नसल्यानं, तिथंही बायका लांबून येणार होत्या. सपाटीवरचा नवा दवाखाना मात्र शेजारच्या दवाखान्यांतली माणसंच वाटून घेणार होता.

मी जवळजवळ पळतच साहेबांच्या खोलीत गेले. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं, दोन्ही नकाशे शेजारी ठेवून पाहिले.

"बरोबर असेल तुझं," ते म्हणाले.

"असेल नाही सर, आहे."

"आहे, धर. पण हे मंडळाला कोण समजावणार? आणि नसीम, एक सांगतो. सपाटीवरची जागा त्यांना आधीच देणगीत मिळालीय. अहवाल त्यानंतर मागितलाय."

मग मी विचारलं, "म्हणजे आपण काय करतोय?"

"आपण त्यांना हवं ते आकड्यांत लिहून देतोय," ते म्हणाले. आवाजात खेद होता, आणि तो खरा होता. म्हणूनच मला जास्त राग आला.

घरी आम्ही दख्खनी बोलतो, पण अब्बा चिडले की थेट पेठेच्या मराठीत येतात. त्या संध्याकाळी ते मराठीतच होते. "पैली नोकरी हाय तुझी. सायबाला शिकवायला गेलीस व्हय? तो म्हणतोय तसं लिव्ह. तुझं काय जातंय?"

"माझं नाव जातंय त्यावर, अब्बा."

"नाव!" त्यांनी पाण्याचा तांब्या खाली आपटला. "नावानं काय हुतंय?"

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन सांगितलं की जुन्या अहवालावर माझं नाव घालू नका, आणि मंडळाच्या बैठकीत मला माझा नकाशा दाखवू द्या. साहेबांनी दोन्ही नकाशे पुन्हा चाळले आणि शेवटी हो म्हणाले. त्यांनी हो का म्हटलं, ते मी कधी विचारलं नाही. त्यानंतर मी सुलाबाईला फोन केला आणि बैठक कुठं नि कधी आहे ते, आणि अहवालात काय लिहिलंय तेही सांगितलं. हे मात्र मी कुणाला विचारून केलं नाही.

बैठकीचा हॉल थंडगार होता. लांब टेबल, पांढरं कापड, काजूची बशी. मी नकाशा लावला, गुजरीचं उदाहरण तिथंच पहिल्यांदा सुचलं, ते सांगितलं. मंडळी सभ्यपणे ऐकत होती. बोलून झालं तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "छान अभ्यास आहे, मुली. पण व्यवहार बघावा लागतो. डोंगरातली माणसं घर सोडून बाहेर पडत नाहीत, हा आमचा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे."

त्याच वेळी दार उघडलं. पंधरा-वीस बायका आत आल्या. पदर खोचलेले, पायांवर तांबडी धूळ, अंगाला दुधाचा वास, कारण त्या टेम्पोत कॅनच्या मधे उभ्या राहून आल्या होत्या. पुढं सुलाबाई. तिनं अध्यक्षांचं शेवटचं वाक्य ऐकलं असावं.

"आलो की न्हवं?" ती म्हणाली.

शिपाई मागून धावत आला होता, तो दारातच थांबला.

"बाई, तुम्ही बाहेर बसा," एक सभासद म्हणाले. "चर्चा चालू आहे."

"चर्चा आमचीच चाललीया न्हवं? मग आम्ही भाईर कशाला?" सुलाबाईनं नकाशाकडं बोट केलं. "ही पोरगी सांगती, तिथं लिवलंय आम्ही फिरत न्हाय. सायेब, आमी पाण्याला फिरतो, लाकडाला फिरतो, जत्रंला जोतिबावर चालत जातो. दवाखाना दावा, तिथंबी जातो. न्हाईच तर जायचं कुठं?"

अध्यक्ष उठून उभे राहिले, हात जोडले, चहा मागवला. बायकांनी उभ्यानंच चहा घेतला. आणि पंधरा दिवसांनी मंडळानं सपाटीवरच्या जागेचं भूमिपूजन केलं.

आम्ही हरलो. नकाशा बरोबर होता, बायका आल्या होत्या, आणि तरी हरलो. मी राजीनामा दिला. त्या दिवशी घरी येताना चौकात फुटबॉलचा सामना जिंकून आलेली पोरं गुलाल उधळत होती. त्यातला थोडा माझ्याही ओढणीवर पडला, आणि मी तो झटकला नाही.

काही दिवसांनी सुलाबाईचा फोन आला. स्वातीला सातवा सरत आला होता, आणि ज्या चुलतभावाकडं ठेवायचं ठरलं होतं त्याच्या घरी आजारपण निघालं होतं. "कुठंतरी खोली बघशील का ग?" तिच्या आवाजात पहिल्यांदाच मला भीती ऐकू आली.

मी अब्बांना सांगितलं. ते विळ्याला धार लावत होते. चाक थांबवलं नाही, मान वर केली नाही. "खोली कशाला बघायची?" म्हणाले. "माडी मोकळी हाय की."

स्वाती आमच्या माडीवर राहिली. आई तिला काय हवं-नको बघायची, आणि ती आईला नाचणीची अंबील करून द्यायची. सुरुवातीला ती दिवसभर खिडकीशी बसून असायची. मग हळूहळू खाली येऊ लागली, गल्लीतल्या बायकांत बसू लागली. ऐन हंगाम होता, कोयत्यांचा ढीग पडलेला, तरी दुपारी ती झोपायची तेवढा वेळ अब्बा चाक बंद ठेवायचे. गिऱ्हाईक कुरकुरलं तर म्हणायचे, "पोरगी झोपलीया वर. चारला ये." उभ्या जन्मात मी त्या दुकानात दुपारची शांतता ऐकली नव्हती.

मुलगी झाली. एका उजळ सकाळी, मोठ्यानं रडत. सुलाबाई वाडीवरून आली, नातीला घेतलं, आणि मग दवाखान्याच्या नोंदणीच्या खिडकीपाशी गेली. मी बरोबर होते. आतल्या कारकुनानं न बघता विचारलं, "राहणार? शिवाजी पेठ ना?"

"न्हाय," सुलाबाई म्हणाली. "वरची वाडी."

"मावशी, इथं पत्ता पेठेचा दिलाय. तेच राहू दे. काय फरक पडतो?"

"लई पडतो. आम्ही तिथनं आलोय. लिवा, वरची वाडी."

"मागं रांग आहे..."

"असू दे रांग. त्याबी लांबनं आल्याती. त्यांचीबी गावं नीट लिवून घ्या." ती खिडकीला धरून उभी राहिली. मागच्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "बरोबर हाय बाईचं." कारकुनानं सुस्कारा टाकला, खोडलं, आणि लिहिलं.

वाडीत एक सरकारी उपकेंद्र होतं. इमारत होती, कुलूप होतं, आत धूळ होती. नव्या दवाखान्याची आशा संपल्यावर सुलाबाईनं त्या कुलपाकडं मोर्चा वळवला. नर्स द्या, टेबल द्या, कुलूप काढा. मी नकाशा घेऊन तिच्याबरोबर कचेऱ्यांत जात असे. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, एका साहेबाकडून दुसऱ्याकडं. कुणी म्हणालं मागणी नाही, कुणी म्हणालं लोकसंख्या बसत नाही. दर वेळी सुलाबाई नवीन बायका घेऊन यायची, आणि येताना दर वेळी मला म्हणायची, "ह्या बघ, न फिरणाऱ्या." तो हंगाम संपला, पुढचा आला, तोही गेला. मी कॉलेजात शिकवायला लागले. रजा घेऊन जात राहिले.

आणि एके दिवशी कुलूप निघालं. कुणाच्या सहीनं, ते आम्हाला नीट कळलंच नाही. बहुतेक सगळे आमच्या चेहऱ्यांना कंटाळले असावेत. तिथंच राहणारी नर्स आली, बाळंतपणाचं टेबल आलं, दारावर रंग आला.

विद्यार्थी मला कधी विचारतात, मॉडेल खोटं असतं का? मी सांगते, मॉडेल खोटं नसतं, ते अर्धवट बघतं. आणि अर्धवट बघणाऱ्याच्या हातात निर्णय दिला की तो माणसांना नावं ठेवतो. मागास, आळशी, घरकोंबडी. तुमच्या नकाशात एखादं गाव लाल आलं तर आधी त्या गावाभोवती काय आहे आणि काय नाही ते बघा, तिथल्या माणसांच्या स्वभावाकडं नंतर वळा. हे वाक्य मी दरवर्षी म्हणते आणि दरवर्षी माझा आवाज चढतो. पहिल्या बाकावरच्या मुली दचकतात. दचकू देत.

उपकेंद्र उघडलं त्यानंतरच्या थंडीत मी वर गेले होते. ओट्यावर नर्सशी बोलत बसले होते, तेवढ्यात पश्चिमेच्या कड्याकडून, जिथून खाली थेट कोकण दिसतं, दोन बायका वर येताना दिसल्या. एक तरुण, पोट चांगलं वर आलेलं, दुसरी तिची आई असावी. दोघी कड्यालगतच्या वस्तीवरून आल्या होत्या. मी कुठल्याच नकाशात घातली नव्हती अशी ती वस्ती. ते टोक आपल्या हिशोबात धरायचं असतं, हे मलाही सुचलं नव्हतं. नर्सनं पोरीला आत नेऊन तपासलं. सगळं ठीक होतं. आई ओट्यावर टेकली, पाणी प्यायली, पायातला काटा काढू लागली.

"केवढ्या लांबून आलात हो," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडं नवलानं बघितलं.

"लांब कुठलं?" ती म्हणाली. "जवळच की हे."